मालकांच्या कानाचा डबा

मी मूळची पिंपळे सौदागरची, नदीकाठची. आता तुमी हितं चिंचवडात बसून पिंपळे सौदागर म्हनलं की जवळच वाटतं, पन आमच्या ल्हानपनी यायचं-जायचं म्हनजे सगळं पायी, आन पाऊसकाळात पवनेला पानी चढलं की चिंचवड म्हनजे परमुलुखच. वडलांची वांगी, मेथी, कोथिंबीर असायची, ती खडकीच्या बाजाराला जायची. हिरीवर तेलाचं इंजिन व्हतं, आन काय सांगू तुमाला ताई, मला त्या इंजिनाचा आवाज घरात बसून कळायचा. भाकरी थापता थापता मी आईला म्हनायची, आई, इंजिन आता बंद पडनार, आन ते पडायचंच. आई म्हनायची, तुझ्याच तोंडानं पडतंय मेलं, तू बोलू नगंस. वडील मातर हसायचे. त्याच कानानं मला कंपनीत नेलं, आन त्याच कानानं मला फशिवलंबी, ते सांगते, पन दमानं सांगते. मला मधी थांबवू नका, मी एकदा थांबले की फुडं कुटनं धरायचं तेच मला सुधरत न्हाई.

पानशेत फुटलं त्याच्या फुडच्या साली गावात कळलं की रेडिओच्या कंपनीत पोरी भरत्यात, सातवी पास पायजे, बोटं बारीक पायजेत. चुलत्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं, पोरगी कंपनीत जानार, मंग लगीन कोन करनार तिच्याशी. वडील म्हनले, जाऊन तर बगू दे, कंपनी काय तिला खातीया. मी गेले. नाडकर्णी म्हनून सायेब व्हते, चष्म्याच्या वरनं बगनारे. त्यांनी माझ्या डोक्याला हेडफोन लावला, तवा मला ते नावबी ठाऊक नव्हतं, मला वाटलं घोड्याला घालत्यात तसलं कायतरी हाय. दोन आवाज ऐकवले आन इचारलं, मोठा कंचा. मी सांगितलं दुसरा, पन सायेब, मागं तिसराबी एक हाय, डास गुनगुनतोय तसा. ते म्हनले, तिसरा आवाज न्हाई. मी म्हनलं, हाय. मंग त्यांनी माझ्या डोक्यावरचा काढून सोताच्या कानाला लावला, लई येळ ऐकलं, आन मला म्हनले, सोमवारपासनं ये.

मला तपासनीच्या टेबलावर बसवलं. तयार झालेला रेडिओ फुडं यायचा, आमच्या टेबलावर एक डबा असायचा, रेडिओतला बारीकसारीक आवाज मोठा करून हेडफोनात द्यायचा, त्याला आंप्लिफायर म्हनत्यात, आमी डबाच म्हनायचो. त्यात ऐकायचं, खरखर हाय का, घरघर हाय का, आन खडूनं खूण करायची, पास का नापास. दिवसभर तेच. नाडकर्णी सायबांची एक खोड व्हती. चांगल्या रेडिओंच्या रांगेत ते मुद्दाम एक बिघडलेला सोडायचे, कुनाला न सांगता. पोरीनं त्यावर पासची खूण केली की संपलंच, सगळ्यांसमोर म्हनायचे, बाई, कानानं ऐका, मनानं नको. मी त्यात कवा सापडले न्हाई. डबा बिघडला तर तो उघडायचाबी मी शिकले, कंडेन्सर बदलायचा, कथलाचा डाग द्यायचा, बोटं भाजून घ्यायची. बाया म्हनायच्या, कौसा, तुझा कान मानसाचा न्हाई, मांजरीच्या जातीची हायस तू. मला लई गर्व व्हता त्याचा, खोटं कशाला बोलू.

दोन वर्सांनी लगीन झालं. आमचे मालक मानदेशातले, हितं लोखंड ठोकायच्या कंपनीत हॅमरवर. नाव घेत न्हाई मी, तुमाला काय लिहायचं ते लिहा. हॅमर म्हनजे काय तुमी पायला न्हाई ना? लाल झालेलं लोखंड खाली ठेवायचं आन वरनं घरायेवढा घन पडायचा, जमीन हादरायची, मी एकदा फाटकापाशी जेवनाचा डबा द्यायला गेले तर माझ्या हातातल्या बांगड्या वाजल्या. तितं बोलून कुनाला ऐकू येत न्हाई, म्हनून सगळं हातानं. मूठ आवळली की थांब, दोन बोटं आपटली की हलका ठोका, तळवा खाली दाबला की होऊ दे जोरात. मालक घरीबी तसंच करायचे. भाजी वाढताना मूठ आवळायचे, म्हनजे बास. मी हसायची, म्हनायची अवो तोंड दिलंय ना देवानं. आन तोंड व्हतंच हो त्यांना, लई बोलका मानूस, उंबऱ्यात चपला काढता काढता शिफ्ट सांगायला सुरुवात करायचे, कोन काय म्हनला, फोरमनची कशी जिरवली, जेवन व्हईपर्यंत सरायचं न्हाई. कंपनी कानात घालायला कापूस द्यायची, पन घामानं तो गळून पडायचा, आन जो घालील त्याला बाकीचे नवरी म्हनायचे. मंग कोन घालतंय!

दुष्काळाच्या सालापासनं मला जानवाया लागलं. हाक मारली की वळायचे न्हाईत. मंगल, आमची पोरगी, तवा सहा-सात वर्सांची, ती बाबा बाबा करून दमायची आन मंग सदरा वढायची. मला वाटायचं मुद्दाम करत्यात, शिफ्टवरनं रागानं येत्यात आन घरच्यांवर काढत्यात. मी ओरडायची. शेजारची सिंधू मला म्हनली, कौसा, रोजच्याला कसलं भांडन गं तुमचं? मी म्हनलं भांडन कसलं, चहा देऊ का म्हनून इचारते. तवा माझ्या डोक्यात लख्ख झालं, ह्यांना ऐकूच येत न्हाई. कंपनीत कुनाला पत्ताच नव्हता, कारन तितं सगळे हातानंच बोलनार, आन निम्मे तसलेच. हॅमरवर मालक एक नंबरचे गडी, आन घरात आले की बहिरे.

पुन्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हनले, आतली नस गेली, हॅमरनं गेली, आता येत न्हाई, मशीन लावा. खिशात ठेवायची पेटी, कानात बोंडूक. मालकांनी आठ दिवस घरात लावली, ती शिट्टी मारायची, आन कंपनीत लावायची तर सोयच न्हाई, कंपनीच्या डॉक्टरला दिसली की हॅमरवरनं काढून झाडू मारायला ठेवतील. पेटी ट्रंकेत गेली. मंग त्यांनी बोलनंच टाकलं. ऐकायला येत न्हाई त्याला बोलायचं तरी काय व्हतंय, पन तुमी इचारा कुनाला, ज्याला ऐकू येत न्हाई तो बोलायचाबी थांबतो, आपला आवाज केवढा जातोय ते कळत न्हाई ना, लोक दचकून बगत्यात. आमच्या घरात दोन खोल्या, तीन मानसं, आन भांड्यांचा आवाज. बास.

आनीबानीच्या साली, पावसाळा सरत आला व्हता, एका गुरवारी, गुरवारी आमच्या दोन्ही कंपन्यांना सुट्टी असती, मालक जेवून उठले आन भिंतीकडं बगत म्हनले, दिवाळी झाली की मी राजीनामा देतो आन गावाला भावाजवळ जातो. तू आन मंगल राहा हितं. तुझी नोकरी पर्मनंट हाय, पोरीची शाळा हाय, माझ्यावाचून तुमचं काय अडत न्हाई. असं म्हनले. आन ताई, मला त्यांना म्हनायचं व्हतं की जाऊ नका. पन ते म्हनायला मला ओरडायला लागनार! हळू म्हनलं तर त्यांना कळनार न्हाई, मोठ्यानं म्हनलं तर चाळभर ऐकू जानार. जाऊ नका हे कुनी असं बोंबलून सांगतं का हो नवऱ्याला? मी तरी ओरडलेच. सिंधू दारात येऊन उभी राह्यली. मालकांनी माझ्या तोंडाकडं बगितलं आन भाईर निघून गेले. त्या दिवशी मी लई रडले.

त्याच महिन्यात कंपनीत नवे डबे आले आन जुने भंगारात निघाले. मी नाडकर्णी सायबांपाशी गेले, म्हनलं सायेब, त्यातले दोन मला द्या, हेडफोनासकट, आन एखादा बोलायचा माईक. ते म्हनले, काय करनार, घरी रेडिओ तपासनार का? मी म्हनलं, नवरा तपासनार हाय. ते हसले न्हाईत. कागद करून दिला, फाटकावर दाखवायला.

दोन डबे आनले. एक थोरला, काचेच्या व्हॉल्व्हचा, जड, तापला की वर पापड भाजंल असा, पन तो बंदच. दुसरा धाकटा, ट्रान्झिस्टरचा, हलका, तो चालू व्हता पन आवाज कसला, पातळ, चिरका, मला तर दातात खडा आल्यागत व्हायचं. म्हनलं, एक चालतोय तर लावून तर बगू. पयल्या गुरवारी मालकांना स्टुलावर बसवलं, डोक्याला हेडफोन घातला, ते नगं नगं करत व्हते, मंगलच्या हातात माईक दिला, म्हनलं म्हन कायतरी. तिला दुसरं काय सुचंना, तिनं माईक तोंडाला चिकटवला आन तेराचा पाढा सुरू केला. तिचं तोंड माईकामागं झाकलेलं बरं का, दिसत नव्हतं. तेरा सत्ते म्हनली आन अडली, मंग म्हनली त्र्यान्नव. आन मालक म्हनले, एक्क्यान्नव! एक्क्यान्नव गं, त्र्यान्नव कुटलं! मंगल माझ्याकडं बगायला लागली, मी तिच्याकडं, आन मालक हसले. किती वर्सांनी हसले. मी चुलीपाशी तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला. आनंदानंच.

आता हितं माझी अक्कल बगा. मी मनाशी म्हनलं, बिघडलेल्या डब्यातनं एवढं ऐकू येतंय तर दुरुस्त केल्यावर किती येईल! कुनीबी माझ्या जागेवर हेच म्हनलं असतं, मी तर तपासनीवाली. धाकटा उघडला. आतला एक कंडेन्सर वाळून गेला व्हता. कंडेन्सर वाळला की जाड आवाज त्यातनं फुडं जात न्हाई, बारीक तेवढा जातो, म्हनून ती चिरचिर. मी तो काढला, नवा बसवला, दोन डाग दिले. आन काय आवाज झाला, ताई! भरलेला, गोड, रेडिओवर बाई बोलली तर वाटावं शेजारी बसलीया. मंग थोरल्याच्या मागं लागले. त्याचा व्हॉल्व्ह बदलला, घरघर काढली, तीन गुरवार गेले त्यात, अंगठा भाजला, पोळ्या करपल्या. तोबी मंग असा काही लागला की मी सिंधूला बोलावून ऐकवला. ती म्हनली, अगं बाई, देवळात बसल्यागत वाटतंय.

मंग दर गुरवारी दोन्ही डबे मांडायचे आन मालकांना बसवायचं. एकदा थोरला, एकदा धाकटा, मी समोर बसून पेपर वाचायची, आन इचारायची, कंचा बरा? मालक म्हनायचे, दोन्ही बरे. अवो दोन्ही बरे म्हनजे काय, मी काय लग्नाचं स्थळ दाखवतेय का, नीट सांगा. मंग म्हनायचे, थोरला बरा. फुडच्या गुरवारी म्हनायचे, धाकटा. मी म्हनायची, येतंय ना ऐकू? ते म्हनायचे, व्हय व्हय, येतंय की. आन दोन मिंटात डोक्यावरनं काढून ठेवायचे. आधी मला वाटलं कंटाळत्यात. मंग वाटलं, कान आनखी गेला. मी आनखी हात मारायची डब्यांवर, आनखी गोड करायची. मी जेवढं गोड करायची तेवढा मानूस लांब चाललेला. पाढा म्हनला तर आता चूक सांगायचे न्हाईत, नुसतं मान हलवायचे. मंगलनं तर माईक हातात घ्यायचंच सोडलं. आन दिवाळी तोंडावर आली, मालकांनी ट्रंक खाली काढली, सदरे घड्या करून ठेवले. दोन धोतरं, ब्लँकेट. मी बगत व्हते.

दिवाळीच्या आदल्या गुरवारी माझ्या मनात आलं, नाडकर्णी सायेब बिघडलेला रेडिओ सोडायचे तसं आपन करावं. मालकांना हेडफोन घातला, धाकटा लावला, आन समोर न बसता मी त्यांच्या पाठीमागं जाऊन बसले, माईक घेऊन. पेपर वाचला न्हाई. म्हनलं, उजवा हात वर करा. ते म्हनले, व्हय व्हय, येतंय. म्हनलं, घराला आग लागली. ते म्हनले, व्हय, झ्याक येतंय. म्हनलं, तुमी मला लई त्रास दिला. मान हलवली, म्हनले, चांगलं हाय. म्हनजे इतके दिवस हे माझ्या व्हटांकडं बगून, माझ्या तोंडावरनं अंदाज करून, मला बरं वाटावं म्हनून व्हय व्हय करत व्हते. आवाज येत व्हता त्यांना, बोललेलं काय उमजत नव्हतं.

मी फुडं आले, हेडफोन वढून काढला. भांडन झालं, खरंखुरं, सिंधू म्हनायची तसलं. मी त्यांच्या तोंडासमोर हात नाचवले, खोटं का बोललात, का बोललात? ते माझ्या हाताकडं बगत राह्यले. मंग म्हनले, तुझा अंगठा भाजला व्हता. तू एवढं करतीस, कसं सांगू? पयल्या दिवशीचा डबा बरा व्हता. तू त्याला काय केलंस कुनास ठाऊक.

पयल्या दिवशीचा डबा बरा! मला असा राग आला, म्हनलं मी तेरा वर्सांची तपासनीवाली, अख्ख्या लाइनीत माझ्या कानाची शपथ खात्यात, आन हा बहिरा मानूस मला सांगतो की ती चिरचिर बरी. भांडी आपटली मी. आपटता आपटताच कळलं. कान कुनाचा? डबा कुनाच्या कानासाठी? मी सगळे गुरवार माझ्याच कानानं पास-नापास करत बसले व्हते. ते एक्क्यान्नव म्हनले तवा डबा बिघडलेला व्हता आन मानसाला ऐकू आलं व्हतं. एवढं साधं, आन मला दिसलं न्हाई, कारन मला दुरुस्त करता येत व्हतं.

काढलेले भाग मी टाकत न्हाई, आमच्या कामात कुनीच टाकत न्हाई, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. तो वाळका कंडेन्सर सापडला. धाकटा उघडला, चांगला, नवा, माझ्या हातानं बसवलेला कंडेन्सर काढला आन तो मेलेला परत लावायला घेतला. तुमाला हसू येईल पन माझा हात चालंना. तेरा वर्सं हाताला एकच वळन, बिघडलेलं काढायचं, चांगलं घालायचं. दोनदा डाग हुकला. मालक ट्रंकेवर बसून बगत व्हते, त्यांना काय कळत नव्हतं मी काय करतेय. डाग बसला. मी माझ्या कानाला हेडफोन लावला न्हाई, तपासलाच न्हाई, सरळ त्यांच्या डोक्यावर घातला आन परत पाठीमागं जाऊन बसले. आन हळू म्हनलं, ओरडून न्हाई, आपन घरात बोलतो तसं म्हनलं, उजवा हात वर करा.

उजवा हात वर गेला.

म्हनलं, खाली करा. खाली आला. म्हनलं, मंगल कुटं गेलीया ठाऊक हाय का? म्हनले, सिंधूकडं असंल, करंज्या करायला. म्हनलं, गावाला जाऊ नका. आता हे मी हळूच म्हनलं, कुनाला ऐकू जायचं कारन नव्हतं. मालकांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला. मला वाटलं परत बिघडला का काय. मंग ते स्टुलावर तसेच, मागं न वळता, म्हनले, तू रागावलेली न्हाईस व्हय? मी म्हनलं, कवा? ते म्हनले, आता न्हाई. आधी. तीन-चार वर्सं. मला तुझा आवाज येत नव्हता, नुसतं तोंड दिसायचं, कपाळाच्या शिरा ताठलेल्या, तोंड वासलेलं, सकाळ-संध्याकाळ तेच. मला वाटायचं, हिला माझा वीट आलाय. म्हनून म्हनलं जावं आपन.

ताई, मी काय इचारत व्हते त्यांना ती तीन-चार वर्सं? चहा देऊ का. भात आनखी घालू का. पाठ चोळू का. आन ते मी त्यांना ऐकू जावं म्हनून जीव खाऊन ओरडत व्हते, आन त्यांना दिसत व्हती रागावलेली बाई. मी फुडं आले, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते माझ्या पाठीवर दोन बोटं आपटत व्हते, हलकी.

ट्रंक वर ठेवली. मालक गेले न्हाईत. फुडं नाडकर्णी सायबांना मी सगळं सांगितलं, ते म्हनले, हॅमरनं बारीक आवाज ऐकायची नस जाती, जाड ऐकायची राहती, आन बोलन्यातलं उमजायला लागतं ते बारकंच. तुमी जाडाला आनखी जाड घातलंत बाई, ते बारकं त्याखाली दबलं. आता आमचा तो वाळका कंडेन्सर पार मेला, पन मला समजलंय, मी आता मुद्दाम हलका, कमी मापाचा कंडेन्सर घालते, कंपनीत नापास करीन असला. हॅमरवाल्यांच्या बायका येत्यात गुरवारी, हळूच इचारत्यात, आमच्याबी ह्यांना ऐकू येईना. थोरला आन धाकटा दोन्ही मांडते, त्यांच्या नवऱ्याला पाठमोरा बसवते, बायकोच्या हातात माईक देते आन सांगते, ओरडू नगंस, साधं बोल, आन त्याला काम सांग, हात वर कर, उठ, बस. जो डबा हात वर करवतो तो खरा. मला कसा लागतो ते मी इचारातच घेत न्हाई. आन बाया पयल्यांदा हळू बोलायला लागल्या की त्यांनाच जमत न्हाई, सवयच गेलेली असती.

मालकांना आता हॅमरवरनं काढलं, स्टोअरला दिलंय, कळलं कंपनीला शेवटी, कळू दे. मंगलचं लगीन ठरलंय, जावई चांगला हाय, तुमी या लग्नाला. मालक घरी आले की चहा घेऊन स्टुलावर बसत्यात, डोक्याला लावत्यात, आन मी भाजी निवडत माईकासमोर बडबडते, त्यांची शिफ्ट सांगून झाली की माझी. आमच्या घरात असं बोलनं राहावं, तुमच्याबी राहावं. आन खरंखुरं रागावले ना मी, कवा कवा येतोच राग, तर काय करत्यात ठाऊक हाय का? हेडफोन काढत्यात, नीट मांडीवर ठेवत्यात आन माझ्या तोंडाकडं बगत बसत्यात. मी म्हनते, घाला ते डोक्यावर, मी बोलतेय ना. ते म्हनत्यात, आता गरज न्हाई, हे मला पाठ हाय.